विकत घेतलेले भय

भय सहसा न बोलावता येते. अपरात्री वाजणारा टेलिफोन, क्ष-किरणाचे चित्र उजेडात धरून पाहताना डॉक्टरांच्या कपाळावर पडलेली आठी, भर पावसात घरी परतायला उशीर झालेले मूल. यांपैकी कशाचीही तारीख आपण आधी ठरवलेली नसते. अमेरिकेत मात्र दर वर्षी पानगळीच्या दिवसांत असंख्य कुटुंबे भयाची तारीख महिना-दोन महिने आधी ठरवतात, त्यासाठी पैसे बाजूला काढतात, आणि त्या रात्री कोणत्या दारातून आधी शिरायचे याची टिपणे करतात.

फ्लोरिडा राज्यातील ओरलँडो शहराचे उदाहरण घेऊ. तेथील युनिव्हर्सल स्टुडिओज या मनोरंजन उद्यानात १९९१ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘फ्राइट नाइट्स’ या नावाने अवघ्या तीन रात्रींचा एक कार्यक्रम झाला. त्या वर्षी एकच भूतबंगला उभारला होता. पुढच्या वर्षी त्याचे ‘हॅलोवीन हॉरर नाइट्स’ असे नामकरण झाले, आणि २०२४ साली तोच कार्यक्रम ३० ऑगस्टला सुरू होऊन ३ नोव्हेंबरला संपला. आता दहा भूतबंगले असतात. दिवसाच्या उद्यानाचे तिकीट रात्री चालत नाही. रात्रीचे तिकीट वेगळे काढावे लागते, आणि त्याचे दर वारानुसार बदलतात. सप्टेंबरातील आडवारी गर्दी कमी, ऑक्टोबरातील शनिवारी ती ओसंडून वाहणारी. रांग टाळायची असेल तर आणखी एक पास मिळतो, तो कित्येकदा मूळ तिकिटापेक्षा महाग पडतो. तास-दीड तास रांगेत उभे राहिल्यावर प्रत्यक्ष बंगल्यातून चालत जाण्यास चार-पाच मिनिटे पुरतात. (पाच मिनिटांसाठी दीड तास उभे राहण्याची तपश्चर्या आमच्या पिढीने फक्त रेशनच्या दुकानापुढे केली आहे.) पाहुण्यांनी मुखवटे वा सोंगाचे कपडे घालून येऊ नये, असा नियम आहे. तेरा वर्षांखालील मुलांना हा कार्यक्रम योग्य नाही, अशी सूचना उद्यान स्वतःच देते. मनाई मात्र करत नाही. लहान मुले असलेल्या घरांसाठी त्याच शहराजवळ डिस्नेच्या उद्यानात १९९५ पासून होणारा, नावातच ‘फारसा भीतिदायक नव्हे’ असे आश्वासन देणारा सौम्य सोहळा आहे.

ज्यांची मुले-नातवंडे त्या देशात स्थायिक झाली आहेत अशा आपल्यापैकी अनेक घरांत हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सल उद्यानातही २०११ पासून अशा रात्री भरवल्या जाऊ लागल्या, आणि सिंगापूर तर आपल्या पर्यटकांना मुंबई-गोव्याइतके सवयीचे झाले आहे. ख्रिस्ती माणसाने असे भय विकत घ्यावे काय?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आपल्याकडे मिळतात. पहिले असे, की हा सैतानाचा सण आहे, त्याच्या सावलीलाही उभे राहू नये. दुसरे असे, की ही निव्वळ करमणूक आहे, तिच्यात धर्म कशाला आणता? दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्ही दिल्यावर पुढे विचार करावा लागत नाही.

पहिल्या उत्तराला इतिहासाचा आधार तोकडा आहे. ‘हॅलोवीन’ हा शब्दच मुळी सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या या अर्थाचा. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी रोमच्या संत पेत्राच्या मंदिरात सकल संतांच्या नावे एक प्रार्थनालय अर्पण केले; नवव्या शतकात पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळात १ नोव्हेंबरचा हा सण पश्चिम युरोपभर पसरला; आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लुनी मठाचे अधिपती संत ओडिलो यांनी आपल्या मठांत दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करण्याचा प्रघात पाडला. आयर्लंडमध्ये याच सुमारास केल्ट लोकांचा ‘साव्हिन’ हा जुना वर्षान्ताचा उत्सव होता, आणि त्याच्या चालीरीती या संध्याकाळीत मिसळल्या हे खरे. एकोणिसाव्या शतकात बटाट्याच्या दुष्काळानंतर जे आयरिश लोक अमेरिकेत गेले, त्यांनी आपल्या विश्वासाबरोबर ही संध्याकाळही नेली. गावी सलगम कोरून दिवा करीत. तिकडे भोपळा मोठा आणि मऊ मिळाला. एवढ्यावरून तिला सैतानाचा सण ठरवणे म्हणजे आपल्या वसईच्या लग्नातील हळद आणि केळीचे खांब पाहून तो विवाह ख्रिस्ती नव्हे असे ठरवण्यासारखे होईल.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे, कारण ते बरेचसे खरे आहे. भय हा खेळाचा एक फार जुना प्रकार आहे. आपल्या वाड्यांतून वीज गेली की मुले ओटीवर एकत्र बसत, आणि कोणी तरी विहिरीवरच्या मुंजाची किंवा चिंचेवरच्या हडळीची गोष्ट काढी. पाठीमागे भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे तेवणारा दिवा, अशा घरांतूनही मुंजा मोठ्या सुखाने नांदला. त्या गोष्टींनी कोणाची श्रद्धा ढळल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लघवीला एकटे जाण्याचे धैर्य तेवढे ढळे. अॅरिस्टॉटलने शोकान्त नाटकासंबंधी विचार करताना भय आणि करुणा यांना एकत्र बांधले होते. अठराव्या शतकात एडमंड बर्क या विचारवंताने म्हटले, की भय फार जवळ येऊन भिडले नाही, तर त्यातून एक प्रकारचा आनंद निपजतो. भूतबंगल्याच्या मालकाचा सारा व्यवसाय बर्कच्या या ‘फार जवळ नाही’ वर उभा आहे: करवत खरी वाटली पाहिजे, पण ती कापणार नाही हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

संत थॉमस अक्विनस तर खेळाच्या बाजूने फार ठामपणे उभे राहतात. खेळ-विनोदात काही सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात घेतला आहे, आणि असू शकतो असे उत्तर दिले आहे. त्यासाठी ते वाळवंटातील तपस्व्यांकडून चालत आलेली शुभवर्तमानकार संत योहान यांची कथा सांगतात. शिष्यांबरोबर खेळताना योहानला पाहून कोणाला नवल वाटले, तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सोडायला सांगितले, आणि विचारले, की असेच अखंड करीत राहिलास तर? धनुष्य मोडेल, असे त्याने सांगितले. मनाचेही तसेच आहे, हा योहानचा बोध. मात्र अक्विनस लगेच काही मर्यादा घालतात. खेळातला आनंद अभद्र किंवा कोणाला अपाय करणाऱ्या गोष्टीत शोधलेला नसावा, मनाचा तोल पार सुटू नये, आणि खेळ त्या व्यक्तीला, त्या काळाला व त्या स्थळाला शोभेल असा असावा. सातशे वर्षांपूर्वीच्या या मर्यादा ओरलँडोच्या तिकीटखिडकीवर आजही लावून पाहता येतात, हे मला मोठे समाधानाचे वाटते.

त्यांतली ‘अपाय’ ही मर्यादा वाटते तितकी सरळ नाही. भूतबंगल्यात अपाय कोणाला होतो? कोणालाही नाही, हे उत्तर आपण चटकन देऊ. येथे संत ऑगस्टीन यांनी नाटकांविषयी उपस्थित केलेली एक शंका उपयोगी पडते. तरुणपणी त्यांना कार्थेजच्या रंगभूमीचे वेड होते. पुढे ‘कन्फेशन्स’ लिहिताना ते स्वतःलाच विचारतात, की ज्या दुःखात पाहणाऱ्याला मदतीला धावून जाण्याचे आवाहनच नाही, फक्त हळहळण्याचे आमंत्रण आहे, त्या दुःखाविषयी वाटणारी दया ही कसली दया? भूतबंगल्यात तर हळहळण्याचेही आमंत्रण नसते. तेथे किंकाळी ऐकू येते आणि आपण हसतो. कोणी तरी बांधलेला, रक्ताळलेला, हात पसरून विनवणारा दिसतो आणि आपण पुढच्याच्या खांद्याला धरून पुढे सरकतो. बाहेरच्या जगात जे वागणे निर्दय ठरले असते, त्याची येथे पाच मिनिटांपुरती मुभा असते. ही मुभा निर्दोष आहे, कारण बांधलेला माणूस बांधलेला नाही आणि रक्त हे रक्त नाही. पण ती निर्दोष आहे ती केवळ तेवढ्याच अटीवर. पडद्याआड खरोखर कोणी दुःखी माणूस निघाला, तर त्याच्या हाकेला ओ देणारा तेथे कोणीही नसतो. ओ न देण्यासाठीच तर सगळे तिकीट काढून आलेले असतात.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सी राज्यातील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर या उद्यानात ‘हॉन्टेड कॅसल’ नावाच्या भूतबंगल्याला आग लागली. ट्रेलरचे डबे एकमेकांना जोडून तो बंगला बनवला होता. आत मिट्ट अंधार, आणि पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. अंधारात वाट पाहण्यासाठी कोणी पेटवलेल्या लायटरने भिंतीवरचा फोम धरला असावा, असे पुढे सांगण्यात आले. आठ किशोरवयीन मुले-मुली त्यात गेली. धूर आणि आरडाओरडा हा कार्यक्रमाचाच भाग असावा, असे काहींना प्रथम वाटले होते. आग विझल्यावर जे देह हाती लागले, ते शोध घेणाऱ्यांना आरंभी पुतळे वाटले. या घटनेनंतर अशा इमारतींसाठी तेथील अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले, आणि आज मोठ्या उद्यानांतील बंगले त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहेत. म्हणून आगीची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. जेथे प्रत्येक किंकाळी खोटी मानायची असे ठरलेले असते तेथे खऱ्या किंकाळीला आवाज उरत नाही, एवढे त्या आठ मुलांच्या मृत्यूने दाखवले.

किंकाळी मारणारा कधी कधी बंगल्यात नसतोच. तो बाहेर कुठे तरी, इस्पितळात किंवा घरात असतो, आणि बंगल्यात फक्त त्याचे सोंग असते. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म हे मुळात फळांची विक्री करणारे शेत. तेथे १९७३ पासून हॅलोवीनचा मोठा भयोत्सव भरतो, आणि अशा उत्सवांचा तो एक आद्य नमुना मानला जातो. २०१६ च्या सप्टेंबरात त्यांनी एक नवे आकर्षण आणले. पाहुण्याला खुर्चीला जखडून, डोळ्यांवर आभासी दृश्यांचे उपकरण चढवून, मनोरुग्णालयातील रुग्णाचा अनुभव द्यायचा. त्याच्या नावात ‘५१५०’ हा आकडा होता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील ज्या कलमाखाली स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरू शकणाऱ्या मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध बहात्तर तास रुग्णालयात ठेवता येते, त्या कलमाचा तो क्रमांक. मनोरुग्णांच्या आप्तांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांनी आक्षेप घेतला. आधी नावातला आकडा गेला, मग काही दिवसांतच ते आकर्षण बंद झाले.

त्या वेळी काही लोक म्हणाले, की माणसे हल्ली फारच हळवी झाली आहेत. मला तसे वाटत नाही. ज्या आईने आपल्या मुलाला त्या कलमाखाली पोलिसांच्या गाडीत चढताना पाहिले असेल, तिच्यासाठी तो आकडा म्हणजे तिच्या आयुष्यातील सर्वांत वाईट रात्र आहे. तिच्यावर तिकीट लावण्यास तिची परवानगी कोणी घेतली होती? आणि याबाबतीत आपण अमेरिकेकडे बोट दाखवावे असे नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याला येरवड्याला पाठवा’ हे विनोद आपण चहाच्या टेबलावर सहज करतो. ठाण्याला आणि येरवड्याला ज्यांना खरोखर पोहोचवावे लागले, त्यांची घरेही आपल्याच धर्मग्रामात असतात, आपल्याच बाकावर मिस्सेला बसतात, आणि त्या विनोदावर थोडेसे हसतातही.

आता एक हकिगत सांगायची आहे, जी प्रथम वाचली तेव्हा मला कपोलकल्पित वाटली होती; पण तिची प्रत्येक पायरी नोंदलेली आहे. १९७६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील एका जुन्या मनोरंजन मैदानात दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू होते. तेथील अंधाऱ्या भूतघरात एक चमकत्या रंगाने माखलेला पुतळा फासावर लटकत होता. तो हलवताना त्याचा हात निखळला, आणि आत हाड दिसले. तपासणीत निष्पन्न झाले ते असे: तो देह एल्मर मॅकर्डी नावाच्या माणसाचा होता. आगगाडी लुटणारा एक फसलेला दरोडेखोर. १९११ च्या ऑक्टोबरात ओक्लाहोमात पाठलाग करणाऱ्यांच्या गोळीने तो मेला. देह न्यायला कोणी येईना, तेव्हा अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाने तो औषधाने टिकवला आणि एक नाणे घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात केली. काही वर्षांनी भाऊ असल्याची बतावणी करून जत्रेवाल्यांनी तो नेला. त्यानंतर एका खेळातून दुसऱ्या खेळात, एका मालकाकडून दुसऱ्याकडे तो फिरत राहिला, आणि वाटेत कधी तरी हा माणूस आहे हे सगळेच विसरले. त्याच्या तोंडात १९२४ सालचे एक नाणे आणि जुन्या प्रदर्शनाच्या तिकिटांचे तुकडे सापडले. मृत्यूनंतर पासष्टाहून अधिक वर्षांनी, १९७७ च्या एप्रिलमध्ये, ओक्लाहोमातील गथ्री गावी त्याला मूठमाती मिळाली. घोड्यांच्या शववाहिकेतून त्याला नेले, आणि पुन्हा कोणी उकरू नये म्हणून शवपेटीवर काँक्रीट ओतले.

त्या भूतघरातून हसत, किंचाळत गेलेल्या शेकडो मुलांना मी दोष देणार नाही. त्यांना ठाऊक नव्हते. पण मेलेल्याला पुरणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकले होते. आणि निनवेत रस्त्यावर टाकलेले आपल्या बांधवांचे देह जिवावर उदार होऊन पुरणारा तोबीत तेथेच शिकलो होतो. तोबीत त्यांच्यापैकी किती जणांना ओळखत असेल? जेवणाचे ताट सारून तो उठला, तो एका माणसाचा देह बाजारात पडला आहे एवढे ऐकून.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो खरा आहे. आपली ख्रिस्तसभा स्वतःच मृतदेह दाखवत नाही काय? रोममध्ये कापुचिन संन्याशांच्या तळघरात हजारो बंधूंच्या अस्थींनी भिंती आणि कमानी सजवल्या आहेत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. आपल्याकडूनही बसगाड्या भरून लोक गेले, आणि रांगेत तासन् तास उभे राहिले. तीही रांग, हीही रांग. फरक काय?

फरक आहे, पण तो आपोआप टिकणारा नाही. गोव्याच्या रांगेतला माणूस ज्याच्याकडे चालला आहे त्याचे नाव त्याला ठाऊक असते. तो १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तापाने गेला हे ठाऊक असते. आणि तो त्याच्याशी बोलायला, काही मागायला, कोणाच्या आजारपणाबद्दल सांगायला चाललेला असतो. लाँग बीचच्या भूतघरात देहाचे नाव पुसले गेले होते, म्हणूनच त्याला रंग फासता आला. मात्र भक्तीलाही कधी कधी हावरेपणाची बाधा होते. १६१४ साली झेवियर यांचा उजवा हात कापून रोमला नेण्यात आला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला ती सांगताना जरा चाचरायला होते. आणि दर्शनाच्या मैदानाबाहेर आकाशपाळण्याशेजारी लावलेल्या दुकानांतून हिंडताना आपल्यापैकी किती जणांना आत कोण आहे याचा विसर पडतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा ओरलँडोपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. २०२४ च्या सप्टेंबरात त्याने फोनवर मला विचारले, “मामा, मुलांना त्या हॉरर नाइटला न्यावे की नाही? फादरांना विचारायला संकोच वाटतो.” थोरला सोळा वर्षांचा; वर्गातले सगळे मित्र जाऊन आलेले, आणि त्याने बंगल्यांचा क्रमही लिहून ठेवलेला. धाकटीला तेरा पूर्ण झालेली, म्हणजे उद्यानाच्या सूचनेच्या ती उंबरठ्यापलीकडे. जुलैत ही सगळी मंडळी येथे आली होती ती माझ्या बहिणीच्या शेवटच्या आजारपणात. मुलीने आजीच्या इस्पितळातील खाटेशेजारी बसून नऊ दिवस काढले होते. शेवटच्या रात्री तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असताना आजीने ज्या आवाजात श्वास घेतला, तो तिने ऐकला होता. घरात अजून दुखवटा होता. पण फ्लोरिडात दुखवटा कोण पाळतो, आणि मुलांना किती दिवस घरात कोंडून ठेवायचे, असे भाच्याचे म्हणणे. तेही रास्तच.

थोरल्याविषयी मला काही अडचण वाटली नाही. त्याला जायचे होते, त्याला ते काय आहे हे ठाऊक होते, आणि त्या वयात मित्रांपुढे आपण भ्यालो नाही हे दाखवण्यासाठी मुले याहून कितीतरी वाईट मार्ग पत्करतात. एवढेच सुचवले, की आत सोंग घेऊन उभ्या असलेल्या नटांशी त्याने नीट वागावे. हे नट पाहुण्यांना स्पर्श करत नाहीत, तसा नियमच आहे. पाहुण्यांनीही करायचा नसतो, पण भीतीने किंवा भीतीचे निमित्त करून त्यांना गुद्दा मारणारे निघतात. काळ्या पडद्याआड उभे राहून एकच झेप एका रात्रीत शेकडो वेळा घ्यायची, आणि पहाटे घरी जायचे, असे ते काम आहे. नटाचा धंदा स्वभावतः पापी नव्हे, तो माणसांना विसावा देतो, आणि त्याला त्याच्या कामाचे योग्य मोल देणारा न्यायानेच वागतो, असे अक्विनस सांगून गेले आहेत; ज्या काळी नटांना कोणी उंबऱ्यात उभे करीत नव्हते त्या काळी.

धाकटीचे तसे नव्हते. तिला जायचे होते काय, हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. भाऊ म्हणे, “ती येते म्हणाली.” येते म्हणणे आणि यावेसे वाटणे यांतले अंतर ऑगस्टीन यांचा मित्र अलिपियस याच्या कथेत सापडते. हा अलिपियस रोममध्ये कायद्याचा अभ्यास करी. त्याला ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी थट्टामस्करीत, मैत्रीच्या जबरदस्तीने त्याला आखाड्यात ओढून नेले. माझे शरीर न्या, डोळे मी मिटून घेईन, असे त्याने बजावले, आणि मिटलेही. मग कोणी तरी पडले, गर्दीतून आरोळी उठली, आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. ऑगस्टीन लिहितात, की खाली पडलेल्या योद्ध्याच्या देहाला झाली त्याहून खोल जखम अलिपियसच्या आत्म्याला झाली. एवढेच नव्हे; पुढे तोच इतरांना ओढून नेऊ लागला. (हा मनुष्य नंतर टागास्ते येथील बिशप झाला, हे धीरासाठी सांगून ठेवतो.) ओरलँडोचा बंगला आणि रोमचा आखाडा एक नव्हेत, तेथे माणसे मरत होती, येथे पहाटे सगळे मुखवटे उतरतात. मला त्या कथेत मित्र महत्त्वाचे वाटतात. ते दुष्ट नव्हते. ते हसत होते, आणि त्यांच्या हसण्यापुढे ‘मला नको’ हे शब्द टिकेनात.

म्हणून भाच्याला मी सांगितले, की मुलीला एकटीला विचार. भावासमोर नको, आणि जेवणाच्या टेबलावर तर नकोच. गाडीतून कुठे तरी नेताना विचार, कारण गाडीत समोरासमोर पाहावे लागत नाही. आणि दोन्ही उत्तरांची तयारी ठेव. भुताच्या गोष्टींत रमूनच दुःखातून वर येणारी मुलेही असतात; तिला खरेच जायचे असेल तर तिला नाजूक समजून वगळणे हाही अन्यायच.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. पोहण्याच्या वर्गावरून परतताना त्याने विचारले होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “डॅडा, त्या घरांत इस्पितळाची खाट असते का?”

त्याला ते ठाऊक नव्हते. कोणत्या बंगल्याचा विषय काय आहे हे उद्यान आधी जाहीर करते. आतल्या प्रत्येक खोलीत काय मांडले आहे ते सांगत नाही, आणि सांगितले तर तो बंगला कसला. त्याने तिला तसेच सांगितले. मग त्याने ऑक्टोबरातल्या एका गुरुवारची दोन तिकिटे काढली, एक थोरल्याचे आणि एक स्वतःचे.